आठ सक अठ्ठेचाळीस, मग आपले दोन आमदार कुठून आले?
वाचकांचे प्रश्न : मतदारसंघ पुनर्रचना

मागच्या अंकात म्हणलं होतं की मतदारसंघाच्या हद्दी कशा बदलतात यावर प्रश्न पाठवा. पाठवले, भरपूर पाठवले. काहींनी प्रश्न कमी आणि आपल्या आमदाराला शिव्या जास्त पाठवल्यात, ते कागद बाजूला ठेवलेत. आणि कोणत्या पक्षाचं वाढणार, कोणाचं घटणार याचा अंदाज इथं विचारू नका, ते काम आपल्याकडं पानटपरीवर जास्त चांगलं होतं.

प्रश्न : राम राम. लहानपणापासून 'रेणापूर मतदारसंघ' ऐकत मोठा झालो. परवा मुलीला सांगायला गेलो तर म्हणते पप्पा असा मतदारसंघच नाहीये. मग गेला कुठं? कोणी काढून घेतला?
— एक वाचक, रेणापूर

दादा, मुलीचं बी बरोबर आणि तुमचं बी. २००४ च्या निवडणुकीत रेणापूर होता, २००९ ला नव्हता. मधे काय झालं तर न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या पुनर्रचना आयोगानं देशाचा सगळा नकाशा नवा केला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तो लागू झाला. त्याच्या आधीचा नकाशा १९७१ च्या जनगणनेवर बेतलेला, १९७० च्या दशकातला. म्हणजे तीस वर्षं हद्दी जागच्या जागी, आणि तेवढ्या काळात इकडं खाली मराठवाड्यात जिल्हेच नवे झाले, १९८१ ला जालना, १९८२ ला लातूर, १९९९ ला हिंगोली. जिल्ह्याची रेघ एकीकडून चाललेली आणि मतदारसंघाची दुसरीकडून.

रेणापूर त्यातलंच. गोपीनाथ मुंडेंचं गाव नाथ्रा, तालुका परळी, जिल्हा बीड, पण निवडून यायचे ते रेणापूर मतदारसंघातून, कारण परळीचा भाग त्याच मतदारसंघात होता. २००८ ला आयोगानं धोरण धरलं की विधानसभेचा मतदारसंघ शक्यतो एकाच जिल्ह्याच्या आत बसवायचा. झालं, परळी बीडमध्ये राहिली आणि स्वतःच्या नावाचा मतदारसंघ घेऊन बसली, आणि रेणापूर तालुका लातूर ग्रामीणमध्ये आला.

तुम्ही एकटे नाही. त्याच फेरीत लातूरमधलं हेर गेलं, बीडमधलं चौसाळा, धाराशिवमधलं कळंब, परभणीतलं सिंगणापूर, जालन्यातलं अंबड, आणि नांदेडमधलं तर मुदखेड, कंधार, बिलोली तिन्ही गेले. कंधार म्हणलं की ज्यांना भाई केशवराव धोंडगे आठवतात त्या पिढीला हे पचायला जड गेलं. नवीन आले ते फुलंब्री, घनसावंगी, लोहा, नायगाव, देगलूर, परळी, शिवाय लातूरचे शहर-ग्रामीण दोन, नांदेडचे उत्तर-दक्षिण दोन आणि औरंगाबाद शहरात दोनाचे तीन. मोठमोठ्या माणसांना सुद्धा नवीन घर बघावं लागलं, अशोक चव्हाण मुदखेडवरून भोकरला गेले, राजेश टोपे अंबडवरून घनसावंगीला.

बेरीज मात्र बघण्यासारखी आहे. मराठवाड्याचे आमदार आधी बी ४६ होते आणि नंतर बी ४६ च. औरंगाबाद जिल्ह्याला दोन वाढले, नांदेडला एक, आणि परभणी, बीड, धाराशिव यांचा प्रत्येकी एक गेला. म्हणजे जिथं शहर फुगलं तिकडं आमदार सरकला.

आता 'कोणी काढून घेतला' याचं उत्तर. २००१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७, भागिले २८८, म्हणजे एका आमदारामागं साधारण ३ लाख ३६ हजार माणसं. यात दहा टक्के वरखाली चालतं. मग प्रत्येक जिल्ह्याला लोकसंख्येप्रमाणं आमदार वाटायचे आणि जिल्ह्याच्या आत तालुके जोडत न्यायचे, जोडून आकडा बसला नाही की तालुका फोडायचा, पण फोडताना महसूल मंडळ आणि तलाठी सज्जा बघून फोडायचा. म्हणूनच औसा तालुक्यातला भादा भाग लातूर ग्रामीणमध्ये दिसतो. तिथल्या माणसाचं तहसील औशाला आणि आमदार दुसराच, आणि दाखल्यासाठी आमदाराची शिफारस लागली की दोन गावं फिरा. गावाचा बाजार कुठं, सोयरीक कुठं, एसटी कुठं जाते, हे कायद्यात अगदीच नाही असं नाही, भौगोलिक सलगता, दळणवळण, लोकांची सोय असं सगळं लिहिलेलं आहे. पण माझ्या बघण्यात शेवटी आकडाच जिंकतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. आमचा जिल्हा यवतमाळ, विभाग विदर्भ, पण खासदार हिंगोलीचा. पैनगंगेच्या अलीकडं आम्ही आणि पलीकडं मराठवाडा. आम्हाला कोणत्या हिशोबानं तिकडं ढकललं?
— एक वाचक, उमरखेड

गुरुजी, हिशोब तुम्ही वर्गात शिकवला असेल तोच आहे, फक्त पाढा म्हणायचा. राज्यात आमदार २८८, खासदार ४८, म्हणजे एका खासदाराखाली सहा आमदार. विधानसभेचा मतदारसंघ फोडून अर्धा इकडं अर्धा तिकडं करता येत नाही, सहा अख्खे लागतात. आता मराठवाड्यात लोकसभेच्या जागा आठ. आठ सक अठ्ठेचाळीस. आपले आमदार किती? ४६. दोन कमी पडले. ते दोन बाहेरून आणले, एक तुमचं उमरखेड आणि दुसरी सोलापूर जिल्ह्यातली बार्शी.

एकदा हे कळलं की बाकीचा गुंता आपोआप सुटतो. हिंगोली जिल्ह्यात आमदार फक्त तीन, हिंगोली, वसमत, कळमनुरी. तीन पाहिजेत. नांदेडचं किनवट आणि हदगाव घेतलं, तुमचं उमरखेड घेतलं, झाले सहा. नांदेड जिल्ह्यात नऊ होते, त्यातले दोन हिंगोलीला गेले, लोहा लातूरला गेलं, राहिले सहा. लातूरमध्ये मुळातच सहा आहेत, मग लोहा कशाला घेतलं? कारण औसा धाराशिवला दिला. धाराशिवला का दिला? कारण तिथं चारच आमदार, म्हणून औसा आणि बार्शी जोडून सहा केले. परभणीत बी चार, म्हणून जालन्याचे परतूर आणि घनसावंगी तिकडं. मग जालन्यात पाचाचे तीन राहिले, म्हणून सिल्लोड, फुलंब्री, पैठण औरंगाबादकडून उचलले. औरंगाबादचे नऊ, तीन गेले, सहा राहिले. सगळ्या साखळीत एकटा बीड जिल्हा असा की ज्याचे सहाच्या सहा स्वतःचे, कोणाचं घेणं नाही कोणाला देणं नाही.

तुमची अडचण खरी आहे, नाकारत नाही. कलेक्टर यवतमाळला, खासदाराच्या दिशा समितीची (केंद्राच्या योजनांवर देखरेख ठेवणारी) बैठक दुसरीकडं, आणि रेल्वेचं किंवा हायवेचं काही मागायचं तर नक्की कोणाच्या दारात उभं राहायचं हे दर वेळी नव्यानं शोधायचं. पण यात कोणाचा डाव होता असं मला दिसत नाही. हिंगोलीत एक आमदार जास्त असता तर तुम्ही विदर्भातच राहिला असता, इतकं ते साधं आहे.

प्रश्न : लातूर लोकसभा किती वर्षं राखीव राहणार? जिल्हा परिषदेचं आरक्षण दर वेळी फिरतं मग हे का नाही फिरत? प्रश्न जातीचा नाही, नियमाचा आहे.
— एक वाचक, उदगीर

नियमाचाच प्रश्न आहे तर नियमानंच उत्तर देतो. लोकसभा आणि विधानसभेचं आरक्षण पुनर्रचना आयोग ठरवतो आणि पुढची पुनर्रचना होईपर्यंत ते हलत नाही. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका यांचं वेगळं, तिथं चक्रानुक्रम आहे, सोडत निघते, एखाद्या शाळकरी पोराला बोलावून बरणीतून चिठ्ठी काढायला लावतात आणि हॉलमध्ये कोणी फटाके वाजवायला पळतं तर कोणी फोन बंद करून घरी जातं.

तुम्हाला लातूर आठवतं म्हणून धाराशिव आठवून देतो. १९७७ पासून २००४ पर्यंतच्या निवडणुकांत उस्मानाबाद लोकसभा अनुसूचित जातीसाठी राखीव होती आणि लातूर खुली, तिथून शिवराज पाटील चाकूरकर १९८० पासून सलग सात वेळा निवडून आले. २००८ ला ते उलटं झालं, उस्मानाबाद खुली आणि लातूर राखीव. म्हणजे शेजारच्यांनी ते तीस वर्षं बघितलं, तेव्हा आपल्याकडून कोणी पत्र पाठवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

जागा ठरते कशी? अनुसूचित जमातीचं सोपं आहे, जिथं त्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त त्या जागा, वरून खाली. अनुसूचित जातीचं थोडं वेगळं, प्रमाण तर बघायचंच पण जागा राज्यभर विखुरलेल्या पाहिजेत असं कायदा म्हणतो, नाहीतर सगळ्या एकाच पट्ट्यात साचतील. राज्यात विधानसभेच्या २९ जागा अनुसूचित जातीच्या, त्यातल्या मराठवाड्यात सहा : देगलूर, बदनापूर, औरंगाबाद पश्चिम, केज, उदगीर, उमरगा. यातल्या पण बऱ्याच २००८ ला जागा बदललेल्या. नांदेडमध्ये मुखेड राखीव होतं ते सुटलं आणि देगलूर झालं. धाराशिवमध्ये कळंबच गेलं आणि उमरगा झालं. तुमच्याकडं हेर होतं, त्याच्या जागी उदगीर. गंगाखेड राखीव होतं ते खुलं झालं. केज तेवढं आधी बी राखीव आणि नंतर बी.

माझं मत विचारलंत तर दोन्ही टोकं वाईट आहेत. वीस-तीस वर्षं एकच जागा राखीव ठेवली की शेजारच्या मतदारसंघातल्या दलित कार्यकर्त्याला कुठला पक्ष तिकीटच देत नाही, 'तुमची जागा तिकडं आहे ना' म्हणतात, हे मी कानानं ऐकलेलं आहे. आणि जिल्हा परिषदेसारखं दर पाच वर्षांनी फिरवलं की निवडून आलेल्या बाईला ठराव कसा मांडायचा हे कळेपर्यंत गट दुसऱ्यासाठी सुटलेला असतो, मग ती पुन्हा उभी राहणार कुठून, आणि पुन्हा उभं राहायचं नाही म्हणल्यावर लोकांना तरी कशाला विचारणार.

प्रश्न : माझे वडील सांगायचे की पहिल्या निवडणुकीत काही ठिकाणी एका माणसाला दोन मतं होती. हे खरं का? का म्हातारपणाची गोष्ट?
— एक वाचक, अंबड

ताई, अगदी खरं. १९५२ ला आपण महाराष्ट्रात नव्हतोच, औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाच जिल्हे हैदराबाद राज्यात होते आणि आपले आमदार हैदराबादला जाऊन बसायचे. त्या विधानसभेत १७५ जागा. काही मतदारसंघ तेव्हा दुहेरी असायचे, एका मतदारसंघातून दोन जण निवडायचे, त्यातली एक जागा राखीव, म्हणून मतदाराला मतं बी दोन, फक्त दोन्ही एकाच उमेदवाराला टाकायची नाहीत. नांदेडची लोकसभा तेव्हा अशी दुहेरी होती. मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत बी नव्हती, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, ज्याला द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकून यायचं. दुहेरी मतदारसंघ १९६१ च्या कायद्यानं बंद झाले.

आणि तुम्ही अंबडच्या म्हणून सांगतो, १९५२ ला अंबड नावाची लोकसभेची जागा होती! औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद यांच्या बरोबरीनं अंबड. तिथून खासदारकी गेली, आमदारकी राहिली, २००८ ला ती पण गेली आणि तालुका घनसावंगी आणि बदनापूरमध्ये वाटला. उलटं उदाहरण लातूरचं. लातूर जिल्हा १९८२ चा पण लातूर लोकसभा १९६२ पासून आहे, आणि हिंगोली जिल्हा १९९९ चा पण हिंगोलीचा खासदार १९७७ पासून दिल्लीला. म्हणजे जिल्हा मागायच्या आधी तिथं खासदार होता.

राज्याची हद्द बदलली की काय होतं त्याचं एक ठळक उदाहरण स्वामी रामानंद तीर्थ. १९५२ ला ते गुलबर्ग्यातून खासदार, १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेलं आणि आपण मुंबई राज्यात आलो, आणि १९५७ ला स्वामीजी औरंगाबादमधून निवडून आले.

प्रश्न : पुढच्या पुनर्रचनेत मराठवाड्याच्या जागा कमी होतील अशी चर्चा आहे. आमच्या गावातली अर्धी पोरं पुण्याला. त्यांना मोजतात कुठं?
— एक वाचक, गेवराई तालुका

या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न हा, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी जागा गोठल्या का ते. १९७६ ला ४२ व्या घटनादुरुस्तीनं ठरलं की २००० नंतरची जनगणना येईपर्यंत कोणत्या राज्याला लोकसभेच्या किती जागा हे बदलायचं नाही, कारण ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांच्या जागा कमी आणि ज्यांनी नाही घेतलं त्यांच्या जास्त असं झालं असतं. २००१ ला मुदत भरली तेव्हा ८४ व्या दुरुस्तीनं ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढं ढकलली. त्यानंतर ८७ व्या दुरुस्तीनं एवढी मोकळीक दिली की एकूण जागा तेवढ्याच ठेवा पण राज्याच्या आतल्या हद्दी २००१ च्या आकड्यांवर नव्यानं आखा. म्हणून २००८ ला महाराष्ट्राचे २८८ चे २८८ च राहिले पण आत सरकासरकी झाली. किती? तेव्हाचा ठाणे जिल्हा, पालघरसकट, एकदम १३ वरून २४ वर गेला. ते अकरा आमदार कुठून तरी आलेच ना, राज्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यांतून आले.

आता मोजणी. आपल्याकडच्या जनगणनेत माणूस मूळ गावचा कुठला हे बघून मोजत नाहीत, राहतो कुठं ते बघतात. तुमची हिंजवडी-वाघोलीतली पोरं पुणे जिल्ह्यातच मोजली जाणार, त्यांचं मत गावच्या यादीत असलं तरी. यादी वेगळी, जनगणना वेगळी, आणि मतदारसंघ आखतात ते जनगणनेवर. हे लोकांच्या लक्षातच येत नाही. सरपंचकीच्या निवडणुकीला ट्रॅव्हल्स भरून पोरं आणली म्हणून गावाची लोकसंख्या वाढत नाही.

आणि ऊसतोड. २०११ ची माणसं मोजायची फेरी ९ ते २८ फेब्रुवारी अशी होती. त्या सगळ्या काळात जो घरी नव्हताच त्याला घरच्या यादीत धरत नाहीत, तो जिथं असेल तिथं मोजायचा. आता फेब्रुवारीत आपल्या गेवराई, आष्टी, केज, धारूरकडची कुटुंबं कुठं असतात हे तुम्हाला मी सांगायला नको. बायका-लेकरांसकट कोपीत. कारखाने चालू असतात, पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, अवकाश असतो. म्हणजे बीडचा माणूस सांगली-कोल्हापूरच्या फडात मोजला जाणार, मोजणारा फडापर्यंत पोचला तर. नाही पोचला तर कुठंच नाही. बीडचा एक आमदार २००८ ला गेला तो यामुळंच गेला असं मी म्हणणार नाही, पण ज्या जिल्ह्याची एवढी माणसं नेमक्या मोजणीच्या महिन्यात बाहेर असतात त्या जिल्ह्यानं याच्यावर गप्प बसावं हे मला पटत नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ जाहीर झालाय, म्हणजे पुन्हा तोच फेब्रुवारी. आमदार-खासदारांना शिव्या देण्यापेक्षा मुकादमाला आणि कारखान्याला विचारा की टोळीवर गणना करायला माणूस आला होता का.

महिलांच्या ३३ टक्के आरक्षणाचं पण हेच त्रांगडं आहे, २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्ती ते जनगणना आणि त्यानंतरची पुनर्रचना यांच्याशीच बांधून ठेवते. दोन-तीन भगिनींनी विचारलं होतं, त्यांना हेच उत्तर धरा.

प्रश्न : आमच्या गावाला जिल्हा परिषदेच्या भलत्याच गटात टाकलं. मधे नदी, पूल नाही, पावसाळ्यात वीस किलोमीटर फेरा. कोर्टात जाता येईल का?
— एक वाचक, मानवत तालुका

कोर्टाआधी हरकत. गटरचनेचं प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा, प्रसिद्ध होतं तेव्हा कलेक्टर ऑफिस आणि तहसीलच्या बोर्डावर गावांच्या यादीसकट लागतं, आणि हरकतीला मुदत अगदी थोडी असते. त्या दिवसांत आपल्या गावात काय होतं तर व्हॉट्सॲपवर निषेध होतो. ठराव, मोर्चा, निवेदनाचा फोटो, सगळं होतं, आणि लेखी हरकत एकच जाते, ती पण 'आमच्या गावावर घोर अन्याय झाला आहे' अशी. सुनावणीला बसलेला अधिकारी त्यावर करणार काय? त्याला पाहिजे असतं की कोणतं गाव काढून कोणत्या गटात घाला म्हणताय, त्या गावाची जनगणनेतली लोकसंख्या किती, काढल्यावर दोन्ही गटांचा आकडा मर्यादेत राहतो का, आणि मधे नदी-नाला आहे तर नकाशावर कुठं. तुमच्याकडं नदीचा मुद्दा चांगला आहे कारण प्रभाग-गट पाडताना नदी, नाला, मोठा रस्ता, रेल्वे या नैसर्गिक हद्दी बघा असं गट पाडायच्या सरकारी सूचनाच सांगतात. पूल नाही, पावसाळ्यात रस्ता बंद, याचा ग्रामपंचायतीचा जुना ठराव किंवा बांधकाम खात्याचं पत्र असेल तर जोडा. एक गाव तिकडं टाकलं की त्याच्या बदल्यात दुसरं इकडं ओढा, हे हरकतीत तुम्हीच सुचवा. असं मोजमाप दिलेल्या हरकतींवर गावं हललेली आहेत.

अंतिम झाल्यावर कोर्टाचं दार जवळजवळ बंद. पंचायतींसाठी घटनेत कलम २४३-ओ आहे, विधानसभा-लोकसभेसाठी ३२९. मेघराज कोठारी नावाच्या एका गृहस्थांनी उज्जैनच्या जागेसाठी पार सुप्रीम कोर्टापर्यंत प्रकरण नेलं होतं, १९६६ ला निकाल लागला की पुनर्रचना आयोगाचा आदेश हा कायद्यासारखाच, त्याला आव्हान नाही. लोकसभेत आणि विधानसभेत तो आदेश मांडतात, पण तिथं बी एक कानामात्रा बदलता येत नाही. अगदी मनमानी दिसली तर न्यायालय बघू शकतं असं अलीकडं सुप्रीम कोर्टानं म्हणलंय, पण त्या भरवशावर हरकतीची तारीख चुकवू नका.

प्रश्न : मुलगा टेक्सासला आहे, तो म्हणतो तिकडं आमदारच आपापले मतदारसंघ आखतात. थापा मारतो का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

नाही मारत. बऱ्याच राज्यांत तिथलं विधिमंडळच नकाशा आखतं, ज्याचं बहुमत त्याची पेन्सिल. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या सहीचा एक मतदारसंघ सॅलमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्यागत वेडावाकडा निघाला, तेव्हापासून या उद्योगाला 'गेरीमँडरिंग' म्हणतात. खरं तर दहा वर्षांनी जनगणना झाली की आखायचं, पण २०२५ मध्ये टेक्सासनं मधेच नवीन नकाशा केला आणि त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियानं नोव्हेंबरमध्ये जनमत घेऊन आपला बदलला. पक्षाच्या फायद्यासाठी आखलं तरी केंद्राच्या न्यायालयांनी त्यात पडायचं नाही असं तिथल्या सुप्रीम कोर्टानं २०१९ ला सांगून टाकलं. आपल्या आयोगात प्रत्येक राज्याचे पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलतात, भांडतात, पण त्यांना मत नाही. मला आपलं बरं वाटतं. आपल्याकडं दुखणं वेगळं, तिकडं फार लवकर बदलतात आणि इकडं बदलतच नाहीत.

प्रश्न : जिल्हा धाराशिव झाला, मग २०२४ ला मतदानाच्या कागदावर उस्मानाबाद का?
— एक वाचक, तुळजापूर

जिल्ह्याचं नाव सरकारनं बदललं, मतदारसंघाचं नाव २००८ च्या पुनर्रचना आदेशात आहे. त्या आदेशात उस्मानाबाद आणि औरंगाबाद लिहिलंय म्हणून लोकसभेला आणि विधानसभेला तेच चाललं. वर उत्तरात मी दोन्ही नावं वापरलीत ती याच कारणानं, पत्रं पाठवू नका.

प्रश्न : आमचं मतदान केंद्र जुन्या शाळेतून काढून दुसऱ्या वस्तीवर नेलं. गावात बोभाटा झालाय की आपण दुसऱ्या मतदारसंघात गेलो.
— एक वाचक, कळमनुरी तालुका

काही गेलेला नाहीत. केंद्र बदलणं आणि मतदारसंघ बदलणं याचा एकमेकांशी संबंध नाही. एका केंद्रावर जास्तीत जास्त १५०० मतदार असायचे, आता निवडणूक आयोगानं ती मर्यादा १२०० वर आणलीय, त्यामुळं मोठ्या याद्या फुटणार, काही केंद्रं सरकणार. यादीच्या पहिल्या पानावर वर मतदारसंघाचा क्रमांक आणि नाव असतं, खाली भाग क्रमांक. वरचं तेच असेल तर आमदार तोच. भाग क्रमांक बदलला असेल तर तेवढा बीएलओकडून (केंद्राची मतदारयादी सांभाळणारा कर्मचारी) लिहून घ्या, आणि वस्तीवर जायला म्हाताऱ्यांना लांब पडत असेल तर तसा अर्ज तहसीलला निवडणूक शाखेत आत्ताच द्या, मतदानाच्या दिवशी सकाळी देऊन उपयोग नाही.